मैना म्हणजे किती मात्रा

माझ्या कामाला नेमकं नाव नाही. साकोलीतल्या माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे ती ‘हार्मोनियम दुरुस्ती व संगीत वर्ग’ अशी. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक पेटी घेऊन येत नाहीत आणि शिकायलाही येत नाहीत. ते एखादं गाणं घेऊन येतात. गाणं कधी तोंडात असतं, कधी फोनमध्ये, कधी नुसतंच डोक्यात. खुर्चीवर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, “मास्तर, एवढं लिहून द्या.”

मी लिहून देतो. अर्धं आयुष्य त्यातच गेलं. शाळेचं स्नेहसंमेलन, भजनी मंडळ, संगीताच्या परीक्षेला बसलेली मुलगी, नाटकातला गायक, सगळ्यांना कधी ना कधी कागदावर उतरवलेलं गाणं लागतं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका ओळीत घरं आखायची, एक घर म्हणजे एक मात्रा. घरात स्वर लिहायचा. कोमल असेल तर खाली आडवी रेघ, वरच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर टिंब. स्वर लांबवायचा असेल तर पुढच्या घरात अवग्रह, म्हणजे ते वळसेदार चिन्ह, ऽ. जितक्या मात्रा थांबायचं तितके अवग्रह. अवग्रहाला उच्चार नाही, तो नुसता उभा असतो. मला लहानपणापासून तो दारात कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसासारखा दिसत आला आहे.

काही गाण्यांत मात्र थांबणं मोजलेलं नसतं. गाणारा एखाद्या स्वरावर जातो आणि तिथंच राहतो, मनाला येईल तेव्हा उतरतो. अशा जागी मी कागदावर घरं मोडून टाकायचो आणि एक लहरीची रेघ ओढायचो, दुपारी तलावावर वारा फिरला की उठते तशी. कागद देताना तोंडी सांगायचो, “इथं पाहून घ्या.” लोक पाहून घ्यायचे. कोणी कधी तक्रार केली नाही.

मग टॅब आले, आणि टॅबबरोबर नवा प्रश्न आला. “मास्तर, नोटेशनसाठी कोणतं अॅप घेऊ?”

मी त्यातला जाणकार नव्हतो. पण पेटीवाल्याला सुराचं सगळंच कळतं अशी आमच्याकडे लोकांची समजूत आहे, आणि ती मोडायचा धीर माझ्यात नव्हता. म्हणून मी माझ्या जुन्या टॅबवर एकेक अॅप उतरवून पाहू लागलो. दुपारी वर्ग नसतो. टिनाचं छप्पर तापलेलं असतं, एसटी स्टँडवरची घोषणा लांबून झोपेत ऐकल्यासारखी येते, समोर एक उघडी पेटी असते आणि तिच्यातल्या सुरांच्या पितळी पट्ट्या उन्हात चमकत असतात. अशा वेळी त्या काचेवर बोट फिरवत बसलं की आपण जागे आहोत की नाही हेच कळत नाही. एके दिवशी मी लिहिलेली ओळ त्या काचेतून आपोआप वाजली. माझ्या हाताशिवाय, भात्याशिवाय. मी कितीतरी वेळ तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवून ऐकत राहिलो. माझं अक्षर फार वाईट आहे. ते पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसत होतं.

गिऱ्हाइकांनी पुढं बरंच शिकवलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक साहेब होते, स्वतः अभंगाला चाली लावायचे. त्यांनी ऐकून लिहिणारं अॅप घेतलं. आपण गायचं, ते लिहितं. आठ दिवसांनी आले, चेहरा गोंधळलेला.

“मास्तर, माझ्या तिसऱ्या ओळीत हा वरचा सा कुठून आला? मी एवढ्या वर जातच नाही.”

आम्ही दोघांनी कान लावून ऐकलं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होती. अॅपनं ती इमानदारीनं टिपली होती, दीड मात्रेची. साहेबांनी डोळे मिटून ती ओळ पुन्हा ऐकली आणि म्हणाले, “राहू द्या. तिथं बरा वाटतो.” अजून त्यांच्या त्या अभंगात तो वरचा सा आहे. एकादशीला ते तो गातात, आणि कुकर कोणाला ऐकू येत नाही.

दुसरा माझा मित्रच, नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणारा. त्याचं दुखणं वेगळं. आज गायिकेचा गळा बसला, सगळ्या गाण्यांची पट्टी काळी चारवरून काळी दोनवर आणा. पूर्वी तो पडद्यामागे घामाघूम होऊन मनातल्या मनात स्वर सरकवायचा. त्याला मी पाच रेघांचं, म्हणजे इंग्रजी पद्धतीच्या नोटेशनचं अॅप सुचवलं. एक बोट दाबलं की अख्खं नाटक हव्या तेवढ्या पायऱ्या खाली उतरतं. तो मला भेटला की अजून माझे हात हातात घेतो. हे सांगायचं कारण एवढंच, की मी टॅबचा वैरी नाही. पुढं जे झालं त्याचा दोष टॅबला देता आला असता तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात रेखाताई आल्या. आमच्याच भागात, तलावाकाठच्या एका गावी त्या अंगणवाडीत काम करतात आणि तिथलं बायांचं गाण्याचं मंडळ चालवतात. आवाज आणि देह दोन्ही भरदार; एसटीत चढल्या की कंडक्टर आपणहून सरकून उभा राहतो. त्यांनी पिशवीतून ओढणीत गुंडाळलेला टॅब काढून माझ्यासमोर ठेवला. मंडळातल्या कोणाच्या तरी नागपूरच्या लेकानं तो दिला होता.

“सर, डब्बा तर आला. आता त्यात काय टाकायचं ते तुम्ही सांगा. आमच्यातल्या अर्ध्याजणींले वाचता येते, अर्ध्याजणींले नाही येत. म्हणून वाजलं पायजे. वाजलं तर साऱ्याच शिकतीन.”

“गाणी कोणती?”

“रोवण्याची. सगुणामायची. भंडाऱ्याले कार्यक्रम हाय मोठा, नाव देऊन आली मी. पण माय आज एक म्हणते, उद्या एक म्हणते. बसतच नाही गाणं.”

रोवणा म्हणजे भाताची लावणी. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, हातातली पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ चिखलात खोवत जातात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. ओळ एकत्र सरकावी म्हणून गाणं. गाणं काढणारी ओळीच्या डाव्या टोकाला असते. त्या गावात कितीतरी वर्षं ती जागा सगुणामायची होती. आता तिची पाठ वाकत नाही, म्हणून ती बांधीत उतरत नाही.

मी मंडळासाठी अॅप निवडायला बसलो. ऐकून लिहिणारं बाद. गावात कोंबडे आहेत, पाण्याची मोटर आहे. पाच रेघांचं बाद, मी रेखाताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “हे तर तारेवर बसलेले पोपट दिसून राहिले.” तिसरं होतं ते आपल्या अक्षरातलं. सा रे ग म, खाली रेघा, वर टिंबं, नेटकी घरं, आणि सगळं पेटीच्या आवाजात वाजवून दाखवणारं, सोबत टिकटिक. मला ते फार आवडलं होतं. खोड एकच होती. ओळीतली सगळी घरं भरली नाहीत तर ती ओळ लाल व्हायची आणि वाजायची नाही. लहरीच्या रेघेला त्यात जागा नव्हती. मला वाटलं, एवढ्यातेवढ्यानं काय बिघडतं.

सगुणामायच्या घरी गेलो तेव्हा ती सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, वालाच्या शेंगा तोडत होती. मला बसायला पोतं टाकलं, स्वतः चुलवणाच्या दगडावर बसली.

“मले का समजते गा त्यातलं? मी त म्हनतो. तू लिव.”

आणि तिनं गायला सुरुवात केली.

*पानी आलं धुऱ्यावरी व,*
*बांधी झाली हिरवी व…*

धुरा म्हणजे बांधीचा बांध. गाणं साधं होतं, चार स्वरांतलं. पण शेवटच्या ‘व’वर ती थांबली. ‘व’ ही आमच्याकडे बाईनं बाईला मारलेली हाक. त्या हाकेवर तिचा आवाज जो टेकला, तो हललाच नाही. ना वर, ना खाली. तिनं मान उजवीकडे वळवली आणि लांब पाहत राहिली. तिकडं कुडाचं कुंपण होतं, त्यावर वालाचा वेल आणि वेलावर ऊन, बाकी काही नव्हतं. आवाज चालूच होता. मग तो हळूच सुटला आणि पुढची ओळ आली. दुसऱ्यांदा ती जास्त थांबली. तिसऱ्यांदा कमी. माझ्या काचेवर ओळ लाल झाली होती आणि मी घरं मोजत होतो.

“माय, इथं किती थांबायचं?”

“पुरं होयेपर्यंत.”

“चार मात्रा धरू?”

ती माझ्याकडं पाहून हसली. “धर ना बाप्पा. तुले जसं बरं वाटते तसं.”

मी चार अवग्रह टाकले. ओळ काळी झाली, वाजली. सगुणामायनं कौतुकानं टॅबला हात लावून पाहिला, जसा नवजात वासराला लावतात.

आता कबूल करायचं ते हे. काय पुरं होईपर्यंत, हा पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी तो विचारला नाही. तिनं मान वळवलेली मी पाहिली होती. पण मला उत्तर नको होतं. उत्तर आलं असतं तर ओळ पुन्हा लाल झाली असती.

बाया त्या टॅबवरून गाणं चटकन शिकल्या. भंडाऱ्याला कार्यक्रम झाला. हिरव्या लुगड्यातल्या बाराजणी रंगमंचावर एकसारख्या वाकल्या, एकसारख्या मागे सरकल्या, ‘व’वर मोजून चार मात्रा थांबल्या. टाळ्या पडल्या. रेखाताईंनी मला स्टेजवर ओढलं. मी त्या दिवशी खूश होतो, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात मी त्यांच्या सरावाला गेलो. समाजमंदिरात पंखा फिरत होता, मध्ये स्टुलावर टॅब. त्या दिवशी सगुणामायही आली होती. तिनं पुढं बसावं, असा बायांचा आग्रह होता. गाणं सुरू झालं. ‘व’ आला. टॅबमधली पेटी चार मात्रा थांबून पुढं गेली, तिच्याबरोबर बाया गेल्या, आणि सगुणामाय एकटी मागं राहिली. तिचा एकटा आवाज पुढच्या ओळीवर पसरला. बाया अडखळल्या, गाणं फुटलं.

रेखाताई हसत म्हणाल्या, “माय, तुमचं चुकून राहिलं. टॅबमधी चारच हाय.”

त्यात तिरकस काही नव्हतं. रेखाताई तशी बाईच नाही. पुन्हा सुरुवात झाली आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सगुणामाय म्हणाली, “माहंच चुकत असन व. म्हातारी झालो.” आणि मग जे दिसलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ‘व’ आला तेव्हा तिनं मांडीवर उजवा हात उलटा ठेवला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि सोडून दिलं. मान वळवली नाही. डोळे हाताकडं होते. स्वतःच्याच गाण्यात ती पाहुण्यासारखी बसली होती, जागा विचारून.

बाया म्हणाल्या, “बसलं!”

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून बसलो. बाहेर कोरडी शेतं सरकत होती. डोळा लागला असावा, कारण मला सगळ्या बांध्या आखलेल्या घरांसारख्या दिसत होत्या, धुऱ्यांनी पाडलेली लहानमोठी घरं, आणि प्रत्येकात एकेक बाई अवग्रहासारखी वाकून उभी. सगळ्या घरांत होत्या. शेवटच्या घरात मात्र कोणी नव्हतं, आणि ते घर लाल होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी परत अॅपं शोधू लागलो, आता दुसऱ्या कारणानं. पाच रेघांवाल्यात मला एक चिन्ह सापडलं, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखं, टिंबावर कमान. स्वरावर ते ठेवलं की हवं तितकं थांबा, असा अर्थ. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. ती चष्मा वर सरकवून म्हणाली, “छान आहे. पण तुमच्या टॅबला कळणार आहे का, त्या बाईला हवं ते किती?” मी वाजवून पाहिलं. अॅप त्या डोळ्यावर प्रत्येक वेळी अगदी सारखंच थांबत होतं.

बायको पुढं म्हणाली, “इथं काय उकरत बसलात? जाऊन विचारा ना तिला.”

मी गेलो. विचारायला इतकी सोपी गोष्ट, पण अंगणात पोचल्यावर मी आधी पायातल्या चपला दोनदा सरळ करून ठेवल्या. सगुणामाय खाटेवर बसली होती. मी जमिनीवर बसलो. टॅब पिशवीतच होता.

“माय, मी त्या दिवशी अर्धवटच विचारलं. तू म्हणालीस, पुरं होईपर्यंत थांबायचं. काय पुरं होईपर्यंत?”

 ती कुंपणाकडं पाहत राहिली.

“ओर,” मग म्हणाली, म्हणजे ओळ. “बायांची ओर. मैनाची मूठ लागेपर्यंत.”

“मैना कोण?”

“माही जाऊ. धाकली. तिचा एक पाय लहानपनीच वाकडा झाला होता. चिखलात टाकला त निंघे नाही लवकर. ती ओरीत शेवटी राहे, तिकडं उजवीकडं. बाया बोलत, मैना मांगं राह्यली, मैना मांगं राह्यली. धुऱ्यावरून मालक बी बोले. मंग मी का करो? तिची शेवटची मूठ लागेपर्यंत ‘व’ सोडोच नाही. मी सोडल्याबिगर ओर सरके नाही.” ती माझ्याकडं वळली. “गानंच संपलं नाही, त मांगं राह्यलं कोन?”

 मी विचारलं, “तिला माहीत होतं?”

“नाही सांगलं कधी. तिले वाटे माहा गळाच लंबा हाय.” सगुणामाय हसायला लागली, हसता हसता पदरानं तोंड पुसलं. “मलेच म्हने, बाई, किती लंबं वढता व तुम्ही? दम नाही लागत का? एवढं वढून का भेटते?”

मैना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यामागं सगुणामाय आणखी काही पावसाळे रोवण्याला गेली. ‘व’ आला की सवयीनं मान वळायची. ओळीच्या शेवटी कोणी ना कोणी असायचंच, पण ती मैना नसायची. कधी थोडं थांबायची, कधी जास्त. किती, ते तिचं तिलाच कळायचं नाही.

“म्हनून म्हनतो मास्तर, चार हाय ते बरं हाय. चारात सोडता येते.”

मी तिथं माफी मागायला गेलो होतो, आणि आता मागावी कशाची तेच कळेना. तिच्या गाण्यातून मी मैनाला काढून टाकलं होतं. आणि ती म्हणत होती की बरं झालं. पण ते म्हणताना तिचा अंगठा पेरांवरून फिरत होता, गाणं नसताना.

मी म्हणालो, “माय, तू म्हणशील तसं. पण ज्या बाया आता हे गातील, त्यांना कळणारच नाही की इथं कोणी होतं.”

 वाऱ्यानं कुडावरचा वाळका वेल हलत होता.

“थांबनं लिवता येते का?” तिनं विचारलं.

“थांबणं लिहिता येतं. किती, ते नाही लिहिता येत.”

“मंग किती लिवू नोको. कोनासाठी ते लिव.”

“काय लिहू?”

“मैना लिव.”

त्या आठवड्यात मी मंडळासाठी दुसऱ्यांदा अॅप निवडलं. माझ्या सगळ्या शोधातलं ते सगळ्यात गरीब अॅप. कोरं पान आणि एक लेखणी, बस. ते वाजत नाही, मोजत नाही, लाल होत नाही. मी त्यावर बोटानं घरं आखली, माझ्या वाईट अक्षरात स्वर लिहिले, ‘व’पाशी घरं मोडली आणि लहरीची रेघ ओढली. रेघेवर लिहिलं, ‘मैना’.

रेखाताईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “सर, हे काय आणलं? हे तर वाजतच नाही! अन् अक्षर पाहा तुमचं, कोंबडीनं उकरल्यावाणी.”

मंडळातली दुसरी एक बाई टॅबवर वाकून म्हणाली, “सर, मैना म्हणजे किती मात्रा?”

मी सगळं सांगितलं, सगुणामायनं सांगितलं तसंच.  रेखाताई टॅबकडं पाहत होत्या. त्यांनी ओढणीनं काच पुसली, पुसायची गरज नव्हती तरी. मग नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाल्या, “मी तिले चुकलं म्हणून राहिली होती व.”

“तुम्ही नाही,” मी म्हणालो. “चार मी लिहिले होते.”

इथं गोष्ट नीट मिटली असं मला लिहिता आलं असतं. पण भंडाऱ्याच्या कार्यक्रमानंतर ते वाजणारं गाणं फोनाफोनांतून आजूबाजूच्या गावांत गेलं होतं. तिथल्या बायाही ते शिकल्या. मध्यंतरी पवनीकडच्या एका शाळेत पेटी दुरुस्त करायला गेलो, तर मुली तेच गाणं म्हणत होत्या, चार मात्रांचं, अगदी घट्ट बसलेलं. मी शाळेतल्या बाईंना भेटून सांगितलं. त्या चांगल्या होत्या, ऐकून घेतलं, पण त्यांचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता. कागद फाडता येतो. काचेतून सुटलेलं परत बोलावता येत नाही. आता कोणी मला विचारलं, नोटेशनसाठी कोणतं अॅप घेऊ, तर मी आधी विचारतो, कोणाचं गाणं लिहायचं आहे, आणि तो माणूस भेटेल का. लोकांना वाटतं मास्तर उत्तर टाळतो आहे.

यंदाच्या रोवण्याला रेखाताईंनी मला बोलावलं. सुटी काढून त्याही बांधीत उतरल्या होत्या, मंडळातल्या बायांसोबत. दुपार होती, आभाळ खाली आलेलं, ऊन नाही, सावलीही नाही. पाण्यात आभाळ आणि आभाळात पाणी अशी सगळी बांधी तरंगत होती. मी धुऱ्यावर उभा होतो. शेजारी सगुणामाय खुर्चीवर बसली होती, मांडीवर मिटलेली छत्री. गाणं तिनंच काढलं. पातळ आवाज, पण पाण्यावरून लांब जाणारा.

रेखाताई ओळीच्या उजव्या टोकाला होत्या. अंगणवाडीत दिवस काढणारी बाई, चिखलाची सवय गेलेली. एक पाय काढला की दुसरा रुतायचा. बाकीच्यांच्या मुठी लागून झाल्या, त्या अजून अर्ध्यातच.

‘व’ आला.

चार मात्रा झाल्या. मधल्या दोघीतिघींचा पाय सवयीनं मागं उचलला गेला, आणि तिथंच थबकला. सगुणामायनं मान उजवीकडं वळवली होती. तिचा आवाज हललाच नाही. मग तो कापायला लागला. श्वास संपत आला होता. ओळीतल्या डाव्या टोकाच्या बाईनं तो ‘व’ तिच्याकडून उचलला, तिच्याकडून शेजारणीनं, आणि तो एक स्वर वाकलेल्या पाठींवरून पुढं पुढं जात राहिला.

“थांबा व, येऊन राहिली मी!” रेखाताई खालूनच ओरडल्या. बाया गाता गाता हसल्या, पण स्वर कोणी सोडला नाही.

शेवटची मूठ लागली. सगळ्याजणींनी एकदम पाऊल मागे घेतलं. बांधीतल्या पाण्यावर एक लांब लहर उठली आणि धुऱ्यापर्यंत येऊन मिटली.

“आली,” सगुणामाय म्हणाली.

कोण, ते मी या वेळी विचारलं नाही.